३८ सेकंदांचा व्हिडिओ, ४७ मेसेज आणि आमचा सालसाचा ग्रुप

पार्श्वभूमी

बेळगावात सालसा शिकायला जातोय म्हटलं की अजून पण कोणतरी विचारतंय, ते चटणीसारखं असतंय तेच काय? त्यात चूक काय नाही, स्पॅनिशमध्ये सालसा म्हणजे सॉसच. तर टिळकवाडीत एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर, लग्नं नसतील तेव्हा, दर रविवारी सकाळी आमचा सालसा आणि बचाटा या जोडीनं करायच्या नाचांचा क्लास चालतो. मी शिकवत नाही हे आधीच सांगतो, मला स्वतःला अजून धड टर्न घेता येत नाही. हॉल ठरवायचा, पैसे गोळा करायचे, खुर्च्या बाजूला ओढायच्या आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सांभाळायचा एवढंच माझं काम. शिकवायला सर गोव्याहून येतात, चोर्ला घाटातनं, स्वतःची गाडी मारत.

हे प्रकरण २०२४ च्या पावसाळ्यातलं. नावं बदललीत, कामधंद्याचे तपशील थोडे इकडंतिकडं केलेत, आणि ज्यांच्याबद्दल आहे त्यांना विचारून लिहितोय. दुसरीकडं क्लास चालवणाऱ्या एकदोघांनी विचारलं होतं की नवीन माणसाला आल्याआल्या ग्रुपवर घ्यायचं का नको. सरळ उत्तर माझ्याकडं नाही, म्हणून झालं ते सगळंच लिहितो.

संतोष ३४ वर्षांचा, उद्यमबागला एका कारखान्यात सीएनसी मशीनवर. मंडळात लेझीम खेळतच मोठा झालेला, लाजाळू पण चिकट, एकदा धरलं की सोडत नाही. मेघा २९ ची, शहापूरची, एका लॅबमध्ये कामाला, घरी 'झुम्बाला जातो' असं सांगून यायची (आमच्याकडं बायका पण जातो-येतोच म्हणतात, पुण्याच्या लोकांना याची भारी गंमत वाटते, आणि ही गंमत पुढं नडली). शिवाय निपाणीचे एक रिटायर्ड काका-काकू. काकूंना कर्नाटकच्या शक्ती योजनेत बस फुकट आणि काकांना तिकीट, त्यामुळं दर रविवारी काकांचा एकच डायलॉग, नाच तिचा फुकटात माझा पैशानं.

ग्रुप कसा होता

ग्रुपवर साठच्या वर लोक. त्यातले क्लासला येणारे वीसेक, बाकी कोल्हापूर, पुणे, गोवा, बेंगळूरचे जुने डान्सर, कधीतरी सोशलला, म्हणजे नाचाच्या पार्टीला, भेटलेले आणि मग ग्रुपात राहिलेले. मराठी, कन्नड, कोंकणी, इंग्लिश सगळं एकत्र चालायचं.

या ग्रुपनं नवीन लोकांचं भलं केलं नाही असं मी म्हणणार नाही, कारण मेघाचं उदाहरण माझ्या डोळ्यासमोर आहे. क्लासला यायच्या आधी महिनाभर ती नुसती वाचत होती, एक मेसेज टाकला नाही. जुन्या मुलींच्या बोलण्यातनं तिला कळलं की कुणी डान्सला विचारलं तर नाही म्हणता येतं आणि नाही म्हटल्यावर कारण द्यावं लागत नाही, हात दुखत असेल तर तिथंच सांगायचं, गाणं संपायची वाट बघायची नाही. पहिल्याच रविवारी एका जुन्या माणसाला तिनं तोंडावर सांगितलं, "अंगठा काढा ओ, दुखायलंय." लीड करणारा, म्हणजे जोडीत इशारे देणारा, नवीन असला की भीतीनं समोरच्या मुलीचा हात अंगठ्यानं दाबून धरतो, मग टर्न घेताना तिचं मनगट पिरगळतं. खरं म्हणजे बोटांचा नुसता हुक करायचा आणि अंगठा मोकळा सोडायचा. त्या माणसाचं तोंड पडलं, पण अंगठा निघाला. हॉलमध्ये हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, ग्रुपवर वाचूनच तिला ते धाडस आलेलं.

तो रविवार

जुलैमध्ये घाटात पावसानं रस्त्याची वाट लागली आणि सर लागोपाठ दोन रविवार आले नाहीत. आम्ही आपले स्पीकर लावून येईल तसं करत होतो. दुसऱ्या रविवारी संतोषनं फोन खिडकीत टेकवून स्वतःचा बेसिक स्टेपचा व्हिडिओ काढला, ३८ सेकंदांचा, पार्टनर मेघा. तिला वाटलं त्याला घरी बघायला पाहिजे असेल. रात्री नऊच्या सुमाराला त्यानं तो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "१ कुठं असतोय ते कळंना, चुकतंय कुठं सांगा."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सालसा आठ मात्रांवर चालतो. १, २, ३ ला पाऊल, ४ ला थांबा, ५, ६, ७ ला पाऊल, ८ ला थांबा. आमच्याकडं लीड करणारा १ ला डावा पाय पुढं टाकतो. म्हणजे गाण्यातला १ सापडला नाही तर सुरुवातच होत नाही, दारात उभं राहून कडी सापडेना तसं. प्रश्न अगदी बरोबर होता आणि तिसऱ्या आठवड्यातल्या माणसानं विचारायचाच होता.

साडेबारापर्यंत ४७ मेसेज आले. ते मी नंतर चार वेळा वाचलेत. पुण्याच्या एका जाणकारानं, खरंच जाणकार आहे तो, लिहिलं की १ च्या मागं लागूच नको, ऑन टू शीक, न्यूयॉर्कच्या एडी टोरेसनी शिकवून पसरवलेली पद्धत, त्यात ब्रेक, म्हणजे दिशा बदलायचं पाऊल, २ वर येतो, संगीताला जास्त धरून असतंय. त्यावर दुसऱ्यानं क्लावे नावाचा ताल समजावला, दोन बारमध्ये, म्हणजे आठ मात्रांत, पाच ठोके, कधी तीन-दोन कधी दोन-तीन. बेंगळूरचा एक म्हणाला पाय सपाट पडतोय, कंबर हलत नाही, स्वेडच्या, म्हणजे मऊ चामड्याच्या, तळाचे बूट घे. गोव्याच्या एकीनं लिहिलं फ्रेम (हातांची ठेवण) पडलीय, हातात टेन्शन ठेव. लगेच खाली कुणीतरी, टेन्शन घेऊ नको रे, रिलॅक्स. संतोष मला नंतर म्हणाला, "दादा, ठेवायचं का घ्यायचं नाही, एक कायतरी सांगा की." हसलो तेव्हा मी, पण त्यानं खरंच दोन्ही वहीत लिहून घेतलं होतं. नाचात टेन्शन म्हणजे हातात थोडा ताण, इशारा पोचण्यापुरता, हे त्याला कोण सांगणार, त्या शब्दाचा आपल्याकडचा अर्थ जगजाहीर आहे.

मग एका मुलीनं जनरलच लिहिलं की नवीन लीड हात फार आवळतात, दोन दिवस मनगट दुखतंय. तिचा अनुभव खरा होता, ती संतोषबरोबर कधी नाचली पण नव्हती. पण त्या व्हिडिओच्या खाली आलं म्हटल्यावर ते त्याच्याच पदरात पडलं.

३१ वा मेसेज निपाणीच्या काकूंचा. जसा होता तसा देतो: "संतोष मी पण फोनवरच ऐकत होतो काय कळत नव्हतं नातवाने डबा स्पीकर दिला आता खालचा टुम टुम कळतोय". त्या रात्रीचं खरं उत्तर हे एवढंच होतं. सालसात कोंग्याचे, म्हणजे हातानं वाजवायच्या उभ्या ढोलाचे, दोन उघडे ठोके येतात, टुम-टुम, चौथ्या मात्रेवर आणि तिच्या अर्ध्यावर, तसंच आठव्यावर, आणि ते संपले की पुढची मात्रा १ नाहीतर ५. फोनच्या एवढ्याशा स्पीकरवर खालचे आवाज दबून जातात, नुसती ट्रम्पेट आणि गाणारा ऐकू येतो. संतोष शिफ्ट सुटल्यावर कारखान्याच्या मागं फोन बाकड्यावर ठेवून प्रॅक्टिस करायचा. 'कशावर ऐकतोस' हा प्रश्न ४७ मध्ये कुणी विचारला नाही, मी पण नाही.

आणि काकूंच्या मेसेजचं काय झालं? 'ऐकत होतो' वाचून पुण्याच्या त्यानं लिहिलं, बरोबर बोललात काका. मग कुणीतरी, अहो काका नाही काकू, मग हसायचे इमोजी, मग बेळगावी बायका अशाच बोलतात यावर सात-आठ मेसेज. टुम-टुम राहिला तिथंच.

सकाळी कळलं की ग्रुपातल्याच एकानं तो व्हिडिओ उचलून स्वतःच्या स्टेटसला लावला होता, कौतुक म्हणून, 'आमचा क्लास' असं लिहून. मेघाच्या मामांनी तो दहाच्या आत बघितला.

काय काय करता आलं असतं

सोमवारी सकाळी माझ्यासमोर जे होतं ते असं. एक, ग्रुप बंद करून टाकायचा किंवा फक्त अ‍ॅडमिनला मेसेज टाकता येतील असं सेटिंग करायचं. शांतता लगेच झाली असती, पण मेघासारखी नुसती वाचून शिकणारी माणसं तुटली असती. दोन, बाहेरच्या जुन्या लोकांना काढायचं. यात अन्याय होता कारण त्यांच्यातला एकही उद्धट बोलला नव्हता. मला सगळ्यात अडचणीचं हेच वाटत होतं, शिवी दिली असती तर काढून मोकळा झालो असतो, इथं सगळे बरोबर होते. तीन, नवीन लोकांचा वेगळा ग्रुप. सरांना हे पटत होतं, मला भीती की आंधळा आंधळ्याला रस्ता दाखवणार. चार, ग्रुपला हात न लावता दोघांशी आधी बोलायचं, जाऊन, फोनवर नाही.

आज बघितलं तर चौथा आधी करायला पाहिजे होता हे कळतंय. त्या दिवशी लॅपटॉपवर ऑफिसचं काम, मध्येच मामांचा फोन (नंबर कुठनं मिळवला देव जाणे), मी पहिला पर्याय दाबला. एक बटण.

मी काय केलं

ग्रुप गप्प केला आणि वर एक मेसेज टाकला, 'काही कारणास्तव ग्रुप सध्या बंद'. यात मी दोन चुका एकदम केल्या. काय झालं ते सांगितलं नाही, त्यामुळं संतोषला वाटलं त्याच्या प्रश्नामुळं ग्रुप बंद झाला. आणि स्टेटसवाल्याला मी खाजगीत 'काढून टाक रे' एवढंच लिहिलं, त्यानं काढलं, सॉरी म्हणाला, मला. मेघाला कुणी सॉरी म्हणालं नाही.

नऊ दिवस ग्रुप असाच. पुढच्या रविवारी दोघंही आले नाहीत. मी संतोषला फोन लावले, उचलेना. मग बुधवारी शिफ्ट सुटायच्या वेळेला उद्यमबागलाच गेलो. गेटसमोरच्या टपरीवर उभा होतो, तो डबा हलवत आला, मला बघून थोडा वरमला. चहा सांगितला. म्हणाला, "यायचंच होतं ओ, पण मन होईना बघा." मग पिशवीतनं वही काढली. कारखान्यात जॉबची मापं लिहितात तसली, कडेला तेलाचे डाग. त्यात नंबर घालून २३ सूचना लिहिलेल्या. फ्रेम. कंबर. टेन्शन ठेव. टेन्शन घेऊ नको. २ वर ब्रेक. अंगठा. समोर बघ, खाली नको. स्वेड बूट, पुढं किंमत, ४०००.

"यातलं पाय उचलताना कुठलं आधी आठवायचं सांगा," म्हणाला. मला काय बोलायचं सुचेना. तोच पुढं म्हणाला की आमच्यात नवीन पोरगं आलं की महिनाभर त्याला मशीन पुसायला आणि बघायला लावतात, मायक्रोमीटर कोण हातात देत नाही, आणि तो बघत असताना दहा ऑपरेटर त्याच्या डोक्यावर उभे राहून बोलत पण नाहीत, एकच वस्ताद असतोय. मग मी विचारलं, नऊ दिवस उशिरा का होईना, तू ऐकतोस कशावर? त्यानं खिशातनं फोन काढून दाखवला. स्पीकरच्या जाळीत काळं तेल जाऊन बसलेलं.

बूट मात्र घेऊ नको म्हटलं. आमच्या हॉलला शहाबादी फरशी आहे, स्वेडचा तळ तिच्यावर चारसहा रविवारांत घासून जातो आणि पावसात भिजला की कामातनंच गेला. आम्ही साध्या बुटाच्या चवड्याखाली पॅकिंगची चिकटपट्टी लावतो, पाय फिरायला तेवढं पुरतं. बेंगळूरच्या माणसाचा सल्ला लाकडी फ्लोअरसाठी शंभर टक्के बरोबर होता.

मग काय ठरलं

सर आले तेव्हा आम्ही तिघाचौघांनी बसून ठरवलं. ग्रुप परत उघडला आणि या वेळी झालेलं स्पष्ट लिहिलं, कुणाचं नाव न घेता. व्हिडिओ टाकायचा तर त्यात दिसणाऱ्या दोघांनीही ग्रुपवरच 'हो' लिहायचं, नाहीतर अ‍ॅडमिन काढणार, आणि स्टेटसला काहीच लावायचं नाही. नवीन माणसानं प्रश्न विचारला तर पहिला दिवस फक्त वर्षाच्या आतले लोक बोलणार, जुन्यांनी दुसऱ्या दिवशी, आणि आधी एक प्रश्न विचारून मगच सल्ला द्यायचा. अंगठ्याची तक्रार बंद नाही करायची, पण ती सरांना सांगायची आणि सर रविवारी सगळ्यांना एकत्र करून दाखवणार, म्हणजे ती कुणा एकाच्या व्हिडिओखाली जाऊन बसणार नाही.

पुण्याचा जाणकार यावर रुसला. आम्ही फुकट शिकवायचं आणि वर रांगेत उभं राहायचं का, असं लिहून ग्रुप सोडून गेला. त्याच्या जागी मी असतो तर कदाचित मी पण गेलो असतो. तो गेल्याचं नुकसान झालं हे मान्य करतो, संगीतातलं त्याच्याएवढं कळणारं आमच्यात कोणी नाही. दोन महिन्यांनी मीच फोन करून त्याला बोलावलं, ग्रुपवर नाही, हॉलवर, नुसतं गाणी ऐकवायला. आला. बचाटा डोमिनिकन रिपब्लिकमधनं कसा आला, २०१९ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला, त्यात ४ आणि ८ ला टॅप, म्हणजे पाय नुसता टेकवणं, का असतो ते सांगितलं, क्लावे हातानं वाजवून दाखवला. काकू पहिल्या रांगेत. त्यानं त्यांना बघितल्याबरोबर हात जोडले.

शेवटी काय झालं

संतोष तीन रविवार चुकवून परत आला. सरांनी त्याची वही बघितली, आणि एक पान फाडून त्यावर एकच ओळ लिहून दिली, टुम-टुम नंतर पाय. पहिले दोन आठवडे त्याला बचाटावरच ठेवलं, गाणी सालसापेक्षा बरीच संथ असतात आणि टॅपमुळं मोजणं सोपं जातं. मग सरांनी सालसाचं गाणं लावलं आणि त्याला नाचू नको म्हणाले, नुसतं लेझीम धरल्यासारखं हात कर. पाचव्या-सहाव्या आवर्तनाला त्याचा हात बरोबर १ वर पडायला लागला. कधी ५ वर पडायचा, पण १-२-३ आणि ५-६-७ ची चाल सारखीच असल्यामुळं सुरुवातीला त्यानं काय बिघडत नाही, समोरचीला पण पटकन कळत नाही. ज्याला चालत्या मिरवणुकीत ढोल-ताशावर लेझीम चुकवता येत नाही त्याला ताल नव्हता असं ४७ मेसेजमध्ये आम्ही त्याला पटवून दिलं होतं.

मेघा परत आली नाही. हे खाली लिहितोय कारण मला पण उशिराच लक्षात आलं. मी संतोषच्या कारखान्याच्या गेटपर्यंत गेलो, मेघाला दोन मेसेज केले. कपल डान्सच्या क्लासला शिकायला येणारे पुरुष मिळत नाहीत, एक गळाला तर दोन मुली रिकाम्या उभ्या राहतात, त्यामुळं चालवणाऱ्याचं लक्ष आपोआप त्यांच्याकडं जातं. मी तेच केलं. महिन्यानं तिला आणि तिच्या आईला भेटायला शहापूरला गेलो, सर आणि निपाणीच्या काकूंना घेऊन. आईनं चहा दिला, कुंदा दिला, सगळं नीट ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "नाचली म्हणून राग नाही आमचा. आम्हाला दुसऱ्याकडनं कळलं." मेघा दारापर्यंत आली आणि म्हणाली, बघतो दादा, जमलं तर येतो. हॉलमध्ये मात्र ती नंतर दिसली नाही.

परत वेळ आली तर

त्या रात्री साडेनऊला, दहाबारा मेसेज झाल्यावर, मला फक्त एक करायचं होतं, 'मेघाला विचारलंयस का' एवढं संतोषला खाजगीत विचारायचं. त्यानं लगेच काढला असता, तसला माणूस नाही तो, त्याला सुचलंच नव्हतं. मी तेव्हा मेसेज वाचत होतो आणि खरं सांगायचं तर मला अभिमान वाटत होता, काय जोरात चर्चा चाललीय आपल्या ग्रुपवर म्हणून.

सर येणार नाहीत त्या रविवारी ग्रुपवर प्रश्न वाढतात हे पण आता कळलंय. म्हणून पावसाळ्यात घाट बंद असला की सर रविवारी संध्याकाळी अर्धा तास फोनवर असतात, नवीन लोकांनी त्यांनाच विचारायचं. सरळ एका माणसाचा आवाज. नवीन लोकांचा वेगळा ग्रुप करायचा का यावर आमचं अजून एकमत नाही. काकू म्हणतात नको, जुने काय बोलतात ते वाचायला मजा येते, नुसतं आमच्या अंगावर येऊ देऊ नका.

मेघा ग्रुप सोडून गेली नाही, अजून सगळं वाचते. गेल्या महिन्यात एका नवीन मुलीनं विचारलं, ओळखीच्याच माणसानं डान्सला विचारलं आणि आपल्याला नको असेल तर नाही म्हटलेलं चालतंय का, वाईट वाटंल त्यांना. मी टाईप करत होतो, त्याच्या आधीच मेघाचं उत्तर आलेलं होतं. "चालतंय. कारण सांगत बसू नको."